चांदणी, काकपद आणि उलटी रेघ : शोधखुणांचा इतिहास

एखाद्या मोठ्या दस्तऐवजात ‘किल्ला’ हा शब्द शोधणे संगणकाला अवघड नाही. पण ‘क ने सुरू होणारा आणि ड ने संपणारा कोणताही शब्द’ शोधायचा असेल, तर शब्द देऊन भागत नाही; शब्दाचे वर्णन द्यावे लागते. या वर्णनाच्या लिपीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. तिच्यातली अक्षरे नेहमीचीच असतात. मात्र * . ^ $ ? + | \ आणि तीन तऱ्हांचे कंस, एवढी मूठभर चिन्हे स्वतःसाठी उभी न राहता आज्ञा देऊ लागतात. नवख्याला ही लिपी कोणी कळफलकावर हात आपटल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिच्यातल्या बहुतेक खुणांमागे एखादी अडचण, एखादी टंचाई किंवा एखादी तडजोड आहे. हा धागा त्या खुणांचा.

आरंभ संगणकाच्या खोलीत झालेला नाही. तो झाला १९४३ साली शिकागोत, मेंदूच्या अभ्यासातून.

वॉरन मॅकलक हे पंचेचाळिशीला टेकलेले मज्जाशास्त्रज्ञ. वॉल्टर पिट्स हा जेमतेम वीस वर्षांचा तरुण. किशोरवयात डेट्रॉइटचे घर सोडून शिकागोला आलेला आणि तर्कशास्त्र स्वतःच्या बळावर शिकलेला. मॅकलक यांनी त्याला आपल्या घरी आसरा दिला आणि दोघांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. मेंदूतील पेशी एक तर उद्दीपित होते किंवा होत नाही; मग पेशींच्या जाळ्याकडे तर्कशास्त्रातील ‘होय’ आणि ‘नाही’ यांची गुंफण म्हणून पाहता येईल, असा त्यांचा विचार होता. मज्जाशास्त्राच्या दृष्टीने हे चित्र फारच सोपे होते. गणिताच्या दृष्टीने मात्र ते सुपीक निघाले.

१९५१ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिन विद्यापीठातील गणिती स्टीफन क्लेनी कॅलिफोर्नियातील रँड या संस्थेत काम करीत होते. त्यांच्यापुढे हाच निबंध आला आणि त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला : अशा जाळ्याला कोणकोणते घटनाक्रम ओळखता येतील? उत्तर आश्चर्य वाटावे इतके आटोपशीर निघाले. तीनच क्रिया पुरतात. एकामागून एक येणे. दोहोंपैकी एक येणे. आणि तेच ते पुन्हापुन्हा येणे. या तिसऱ्या क्रियेसाठी क्लेनींनी चांदणी वापरली. गणितात ती आजही ‘क्लेनीची चांदणी’ म्हणून ओळखली जाते.

आज चांदणी एखाद्या अक्षराच्या मागे शेपटीसारखी लागते : क* म्हणजे क शून्य वेळा किंवा कितीही वेळा. क्लेनींच्या मूळ मांडणीत मात्र ती गुणाकाराच्या चिन्हासारखी दोन गोष्टींच्या मध्ये उभी होती. क*ख म्हणजे ‘क हवा तितक्या वेळा, आणि मग ख’. अशा रचनेत ‘काहीच नाही’ ही घटना स्वतंत्रपणे लिहावी लागत नाही, कारण शेवटी ख येतोच. पुढच्या अभ्यासकांनी ती एकट्याच्या मागे जोडली आणि शून्याला दार उघडले. त्या दारातून आत आलेला घोटाळा आजही नवशिक्यांना छळतो. क* हा नमुना क नसलेल्या ओळीतही ‘सापडतो’, कारण शून्य वेळा येणे हेही येणेच.

या प्रकारच्या घटनांना क्लेनींनी ‘रेग्युलर’ हे विशेषण दिले; पण ते त्यांना स्वतःलाच फारसे पटले नव्हते आणि अधिक बोलके नाव कोणी सुचवावे, असे त्यांनी अहवालात नमूद केले होते. कोणी सुचवले नाही. १९५६ साली हे काम ग्रंथरूपात आले आणि ते विशेषण कायमचे चिकटले.

पुढचा टप्पा न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेचा. केन थॉम्पसन १९६६ मध्ये तेथे रुजू झाले. बर्कलीत विद्यार्थी असताना ‘क्यूईडी’ नावाचा मजकूर-संपादक त्यांच्या परिचयाचा झाला होता. तो बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी घडवला होता. थॉम्पसन यांनी तो आयबीएम ७०९४ या यंत्रासाठी नव्याने लिहिला आणि त्यात क्लेनींची लिपी बसवली. गणितातील चिन्हे मजकूर शोधण्याच्या रोजच्या कामाला लागली ती अशी. जून १९६८ मध्ये त्यांनी या पद्धतीवर चार पानांचा लेख प्रसिद्ध केला. दिलेल्या नमुन्यातून थेट यंत्रभाषेतील छोटा कार्यक्रम तयार करायचा आणि मजकुराचे प्रत्येक अक्षर वाचताना सगळ्या शक्यता एकाच वेळी पुढे न्यायच्या, हे त्याचे सार. मागे वळून पुन्हा वाचण्याचे कारणच उरत नव्हते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे अनेकांना याचा विसर पडला आणि तो महागात गेला.

पुढल्याच वर्षी, १९६९ मध्ये, वॉल्टर पिट्स वयाच्या ४६ व्या वर्षी वारला. एकाकी आणि मद्यात बुडालेला असा त्याचा अखेरचा काळ होता. काही महिन्यांत मॅकलकही गेले. त्याच साली थॉम्पसन एका जुन्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सची पायाभरणी करीत होते.

आता खरा प्रश्न टंचाईचा. त्या पीडीपी-७ ची स्मृती १८ बिटांच्या सुमारे ८ हजार शब्दांची. समोर पडदा नाही. आहे तो टेलिटाइप, कागदावर छापणारे खडखडते यंत्र. मॉडेल ३३ या प्रसिद्ध टेलिटाइपची गती सेकंदाला १० अक्षरे. त्यावर इंग्रजी अक्षरे फक्त मोठ्या वळणाची, कळा जड, आणि महिरपी कंस किंवा उभी रेघ नाहीच. कमी टंकावे, कमी छापावे, हा तेथे रिवाजच झाला. युनिक्समधील आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या का असतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या जड कळांत आहे.

थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ‘ईडी’ हा संपादक लिहिला, तेव्हा क्यूईडीतील बरेच काही गाळले. ‘हे किंवा ते’ सांगणारी उभी रेघ गेली, गट करणारे गोल कंसही गेले. चांदणी राहिली, पण ती एकाच अक्षराच्या मागे लावता येई. जी चिन्हे उरली त्यांना दुहेरी चाकरी करावी लागली.

टिंब घ्या. ईडीमध्ये ओळीचा क्रमांक द्यायच्या जागी टिंब दिले, तर अर्थ ‘सध्याची ओळ’. नमुन्यात दिले, तर ‘कोणतेही एक अक्षर’. डॉलरचे चिन्ह क्रमांकाच्या जागी ‘शेवटची ओळ’, नमुन्यात ‘ओळीचा शेवट’. आणि ^ या चिन्हाची कथा तर आणखी वळणाची आहे. मराठी शाळेत याला काकपद म्हणतात. लिहिताना राहून गेलेला शब्द वर घालण्यासाठी ते वापरतात. अमेरिकेच्या १९६३ च्या अक्षरसंहितेत, म्हणजे आस्कीमध्ये, या जागी वर टोक असलेला बाण होता. १९६७ च्या सुधारणेत बाण गेला आणि काकपद आले. जुन्या टेलिटाइपवर तीच कळ दाबली की बाणच उमटे. ईडीच्या नमुन्यात हे चिन्ह आरंभी असेल तर ‘ओळीची सुरुवात’. चौकोनी कंसात पहिले असेल तर ‘यांपैकी एकही नाही’. म्हणजे ^[^क] या पाच खुणांत एकच चिन्ह दोनदा येते आणि दोन वेगळी कामे करते : ओळीच्या सुरुवातीला क सोडून दुसरे कोणतेही अक्षर.

चांदणीची तर घरातल्या घरात दोन बिऱ्हाडे झाली. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून फायलींची नावे एकदम निवडण्यासाठी * वापरता येते, आणि तेथे तिचा अर्थ ‘काहीही, कितीही’ असा स्वयंपूर्ण आहे. नमुन्यात मात्र ती आधीच्या अक्षरावर अवलंबून असते. ‘काहीही, कितीही’ म्हणायचे तर.* लिहावे लागते. प्रश्नचिन्हाचेही तसेच : फायलीच्या नावात ‘कोणतेही एक अक्षर’, तर पुढे नमुन्यांच्या लिपीत ‘असले तर असले, नसले तर नसले’. एकाच प्रयोगशाळेत, त्याच माणसांच्या हातून हे घडले. पन्नास वर्षे शिकणारे गोंधळतात, त्यात शिकणाऱ्यांचा दोष फारसा नाही.

चिन्हे अशी कामाला जुंपली की नवी अडचण येते. मजकुरात खरोखरचे टिंब शोधायचे असेल तर? त्यासाठी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश. हे चिन्ह आस्कीत येण्याचे श्रेय बॉब बेमर यांना दिले जाते, आणि त्यांचा हेतू निराळाच होता. अल्गोल या भाषेतील ‘आणि’ व ‘किंवा’ ही तर्कचिन्हे /\ आणि \/ अशी दोन रेघांनी जुळवता यावीत, एवढ्यासाठी ती रेघ हवी होती. ते काम मागे पडले. रिकाम्या बसलेल्या या रेघेला नवी चाकरी मिळाली : पुढच्या चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेणे. \. म्हणजे निव्वळ टिंब.

येथवर सगळे ठीक होते. पण ईडीत पुढे गट करण्याची सोय पुन्हा हवीशी वाटली. एव्हाना साधे गोल कंस लोकांच्या नमुन्यांत निव्वळ कंस म्हणून रुळले होते. त्यांना अचानक विशेष अर्थ दिला असता तर जुने नमुने मोडले असते. म्हणून उलट मार्ग धरला गेला : \( आणि \) यांना विशेष अर्थ. जी रेघ अर्थ काढून घेत होती, तीच आता अर्थ देऊ लागली. आजच्या निम्म्या गोंधळाचे मूळ या एका तडजोडीत आहे. ती टाळता आली असती असे मात्र म्हणवत नाही.

‘ग्रेप’चा जन्म याच सुमाराचा. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमॅहन यांना ‘फेडरलिस्ट’ निबंधांचा अभ्यास करायचा होता. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेले हे ८५ निबंध. लेखक हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. पण काही निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद जुना. शब्दांच्या लकबींवरून लेखक ओळखायचा, तर शब्द शोधावे लागणार, आणि एवढा मजकूर ईडीच्या पोटात मावेना. ब्रायन कर्निगन यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार थॉम्पसन यांनी ईडीतील शोधणारा भाग सुटा काढून वेगळे साधन तयार केले. ईडीत ‘सगळ्या ओळींत नमुना शोध आणि छाप’ ही आज्ञा जी, मग तिरप्या रेघांमध्ये नमुना, आणि शेवटी पी अशी लिहीत. नमुन्याच्या जागी रेग्युलर एक्स्प्रेशनची आर-ई ही आद्याक्षरे ठेवली की उच्चार होतो ‘ग्रेप’. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत ते साधन दाखल झाले. अठराव्या शतकातील निबंधांचा कर्ता शोधण्याच्या खटपटीतून एकविसाव्या शतकातील प्रत्येक सर्व्हरवरचे हत्यार निघाले, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांना आवडावी.

त्याच प्रयोगशाळेत आल्फ्रेड अहो यांनी ‘ईग्रेप’ लिहिले. त्यात उभी रेघ परतली, गोल कंस बॅकस्लॅशविना परतले, ‘एकदा किंवा अधिक’ सांगणारे अधिकचिन्ह आणि ‘असले तर’ सांगणारे प्रश्नचिन्ह आले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ग्रेप आणि ईग्रेप शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एकात \( हा गट आणि ( हा निव्वळ कंस, दुसऱ्यात बरोबर उलटे. १९९२ च्या पॉझिक्स मानकाने निवाडा करायचे सोडून दोन्ही पंथांना मान्यता दिली : एक ‘मूलभूत’, दुसरा ‘विस्तारित’. मानक ठरवणाऱ्यांचा नाइलाज समजू शकतो. दोन्ही बाजूंना हजारो कार्यक्रम अवलंबून होते.

बेल प्रयोगशाळेचे मूळ लिखाण सर्वांना खुले नव्हते. १९८६ मध्ये टोरांटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी केवळ वापर-पुस्तिकेच्या आधारे या यंत्रणेची स्वतंत्र प्रत लिहिली आणि मुक्तपणे वाटली. लॅरी वॉल यांनी तिच्यातूनच पर्ल भाषेची शोधयंत्रणा वाढवली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे. त्यांना ही लिपी अधिक समृद्ध हवी होती. परंतु कळफलकावरची जवळजवळ सगळी चिन्हे एव्हाना वाटली गेली होती. नव्या अर्थाला जागा कोठून आणायची?

त्यांनी व्याकरणातल्या फटी शोधल्या. प्रश्नचिन्ह नेहमी कशाच्या तरी मागे येते. कंस उघडताच लगेच प्रश्नचिन्ह लिहिणे जुन्या नियमांत चूकच होती. म्हणजेच असा मजकूर कोणत्याही चालू नमुन्यात असणे शक्य नव्हते. म्हणून (? ही जोडी नव्या सोयींचा दरवाजा झाली : (?: म्हणजे गट करा पण लक्षात ठेवू नका, (?= म्हणजे पुढे डोकावून पाहा पण पाऊल टाकू नका. चांदणीमागे प्रश्नचिन्हही असेच निरर्थक होते; *? ला अर्थ मिळाला ‘जितके कमी जमेल तितके घ्या’. १९९४ च्या पर्ल ५ मध्ये या खुणा स्थिरावल्या. १९९७ मध्ये केंब्रिजचे फिलिप हेझल यांनी हेच वळण इतर कार्यक्रमांना वापरता येईल अशा स्वतंत्र रूपात आणले आणि ते जगभर पसरले. ही चिन्हे कुरूप आहेत, हे वॉल यांनीही पुढे मोकळेपणाने मान्य केले. भरलेल्या वाड्यात नवे बिऱ्हाड घालायचे तर जिन्याखालचीच जागा मिळते.

या सगळ्यात एक गोष्ट हरवली. स्पेन्सर आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या यंत्रणा सगळ्या शक्यता एकाच वेळी पुढे नेत नाहीत. एक वाट धरतात, अडले की मागे फिरतात, दुसरी धरतात. आधी सापडलेला गट नमुन्यात पुन्हा मागण्यासारख्या सोयी त्यामुळे सोप्या होतात. पण (क+)+ख असा नमुना घ्या आणि त्याला सलग ३० क द्या, शेवटी ख नसलेले. त्या तीस अक्षरांचे गट पाडण्याचे मार्ग ५३ कोटींहून अधिक आहेत. भाबडी यंत्रणा ख नाही हे कबूल करण्याआधी ते सगळे तपासत बसते. थॉम्पसन यांच्या १९६८ च्या पद्धतीला त्यासाठी मजकुरावरून एकच फेरी पुरली असती.

२ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने घातक मजकूर ओळखण्यासाठी एक नवा नियम आपल्या जगभरच्या यंत्रांवर चढवला. त्यातील नमुन्यात .* या जोडीची अविचारी पुनरावृत्ती होती. यंत्रांची सारी शक्ती वाटा तपासण्यात खर्ची पडली आणि तिच्यामागची असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे कोलमडली. कंपनीने स्वतःच सविस्तर हकिकत प्रसिद्ध केली आणि मागे न फिरणाऱ्या यंत्रणेकडे वळण्याचे ठरवले. तसा इशारा बारा वर्षे आधीच, २००७ मध्ये, रस कॉक्स यांनी थॉम्पसन यांचा जुना लेख पुढे ठेवून दिलेला होता.

आता मराठीकडे. ही चिन्हे इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून घडली, आणि त्याची किंमत देवनागरी आजही देते. ‘शब्दातील अक्षर’ अशा अर्थाची एक खूण आहे : बॅकस्लॅश आणि त्यामागे डब्ल्यू. जावास्क्रिप्टमध्ये तिच्यात इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेघ एवढेच बसते. देवनागरीचे एकही अक्षर नाही. पायथनसोबत येणाऱ्या शोधयंत्रणेत देवनागरी व्यंजने आणि स्वर बसतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार बसत नाहीत, कारण युनिकोडमध्ये ती ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ या वर्गात आहेत. परिणामी ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात, आणि ‘रायगड’चे ‘र’ व ‘यगड’. शब्दात चिन्हेही धरावीत, असे युनिकोडचे मार्गदर्शन सांगते आणि पर्ल ते पाळते. सर्वजण पाळत नाहीत.

टिंबाचेही तसेच. ‘कोणतेही एक अक्षर’ म्हणजे मराठी वाचकाचे अक्षर नव्हे, संहितेतील एक घटक. ‘क्षत्रिय’ हा शब्द कानाला तीन अक्षरी; टिंबे मात्र आठ लागतात, कारण दोन हलन्त आणि एक वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. अखंड अक्षर धरणारी वेगळी खूण पर्ल आणि तिच्या वळणाच्या यंत्रणांत आहे. तिचा वापर क्वचितच दिसतो.

पण सर्वांत बोलके उदाहरण चौकोनी कंसातल्या आडव्या रेघेचे. तेथे ती ‘पासून पर्यंत’ अशा अर्थाची : [क-ह] म्हणजे क पासून ह पर्यंतची व्यंजने. यात ळ येतो, कारण मराठी मुळाक्षरांत तो ह नंतर म्हटला जात असला तरी युनिकोडमध्ये त्याची जागा ल च्या शेजारी आहे. आता संपूर्ण वर्णमाला हवी म्हणून कोणी सहजपणे [अ-ज्ञ] लिहिले, तर यंत्राला ज्ञ हे एक अक्षर दिसत नाही. त्याला दिसतात तीन घटक : ज, हलन्त आणि ञ. आडवी रेघ पहिल्यापाशीच थांबते. नमुन्याचा अर्थ होतो ‘अ पासून ज पर्यंत, शिवाय एक हलन्त, शिवाय एक ञ’. झ नाही, ट नाही, त पासून ह पर्यंतचे काहीच नाही. ‘मराठी’ हा शब्द त्यावर लावून पाहिला, तर त्यातील एकही घटक जुळत नाही.